दोन क्लासमध्ये एकच व्हेरिएबल कसे वापरावे?

प्रश्न : माझ्या जावा प्रोग्राममध्ये ‘मोजणी’ या क्लासमधले ‘एकूण’ हे व्हेरिएबल व्यवस्थित वाढत जाते, परंतु ‘अहवाल’ या क्लासमध्ये मोजणीचे ऑब्जेक्ट तयार करून तेच छापले, की नेहमी 0 येते. असे का होते?

उत्तर : क्लास हा साचा असतो आणि ऑब्जेक्ट ही त्यातून घडवलेली वस्तू. ‘अहवाल’मध्ये आपण ‘न्यू’ लिहिता तेव्हा मोजणीचे दुसरे, कोरे ऑब्जेक्ट तयार होते आणि त्याचे स्वतःचे ‘एकूण’ 0 पासून सुरू होते, वाढलेली किंमत पहिल्या ऑब्जेक्टपाशीच राहते. म्हणून मूळ ऑब्जेक्टच अहवालाच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या भागाला) द्यावे. जावा अशा वेळी ऑब्जेक्टची प्रत काढत नाही, केवळ त्याचा रेफरन्स, म्हणजे त्या ऑब्जेक्टकडे नेणारा निर्देश, पुढे पाठवते, त्यामुळे दोन्ही क्लास एकाच ‘एकूण’पर्यंत पोहोचतात. व्हेरिएबल मात्र प्रायव्हेटच (फक्त त्याच क्लासमधून थेट वापरता येणारे) असू द्यावे आणि किंमत वाचण्यासाठी एक मेथड लिहावी.

व्हेरिएबल स्टॅटिक, म्हणजे एकेका ऑब्जेक्टचे नव्हे तर क्लासचे, केल्यानेही अडचण सुटेल, हे खरे. पण मग सर्व ऑब्जेक्ट मिळून एकच ‘एकूण’ उरते, दोन स्वतंत्र मोजण्या ठेवता येत नाहीत आणि एका चाचणीतली किंमत पुढच्या चाचणीत शिल्लक राहू शकते, जो दोष शोधणे फार जिकिरीचे असते. कधीच न बदलणाऱ्या किमतींसाठी स्टॅटिक फायनल अवश्य वापरावे.