चित्रांचं इतिहासाचं पुस्तक घेताना

प्रश्न: ताई, माझा भाचा नववीत आहे, त्याला अमेरिकेच्या यादवी युद्धाचं भारी वेड लागलंय. वाढदिवसाला जाड सचित्र पुस्तक द्यायचंय. जळगावला दोन पाहिली, एकात लढायांची मोठमोठी रंगीत चित्रं, दुसऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट फोटो नि नकाशे, दिसायला जरा फिकं. कोणतं घेऊ?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: भाऊ, मी फिकंच घेईन, पण आधी दोन्हींतल्या चित्रांखालच्या ओळी वाचा. १८६१ ते १८६५ च्या त्या काळात फोटो ओल्या काचेवर घ्यायचे, काही सेकंद सगळं स्थिर लागायचं, त्यामुळे धावणारे सैनिक, तोफेचा धूर असलं काही नीट यायचंच नाही. म्हणून खरे फोटो छावण्यांचे, पुलांचे, नाहीतर लढाई संपल्यावरच्या प्रेतांचे असतात. रंगीत लढाया बहुतेक नंतर काढलेल्या, काही तर वीसेक वर्षांनी विकण्यासाठी छापलेल्या. आल्फ्रेड वॉडसारखे चित्रकार मात्र खुद्द रणांगणावर बसून स्केच करायचे. कोणतं चित्र कोणी, कधी काढलं हे पुस्तकाने सांगायलाच हवं. एक सोपी परीक्षा सांगते, गेटिसबर्गच्या लढाईतला, दगडांच्या आडोशाला पडलेला मेलेला नेमबाज, अलेक्झांडर गार्डनरचा १८६३ चा फोटो, फार गाजलेला आहे. ते प्रेत तिथे उचलून आणून ठेवलं होतं, बंदूकसुद्धा मुद्दाम लावलेली. हे न सांगता फोटो छापला असेल तर ते पुस्तक नको.

दुसरं म्हणजे युद्ध कशासाठी झालं ते बघा. गुलामगिरीबद्दल दोन ओळी नि बाकी सगळे सेनापती, असं असेल तर मुलाला अर्धंच कळेल. फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांविरुद्ध उत्तरेकडून सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले, त्यांचे फोटो आहेत का पाहा.

आणि भाच्याला हेही सांगा की हे युद्ध खानदेशलाही लागलं होतं. उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली, तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या, भाव चढले आणि युद्ध संपल्यावर कोसळले. महात्मा फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केली, ती सोबत दिलीत तर फारच छान.

प्रेतांचे फोटो मात्र आधी तुम्ही स्वतः बघून घ्या, आणि ती पानं त्याच्यासोबत बसूनच वाचा.