ती वही मुलाला परत द्यावी

प्रश्न : मी सैन्यातून हवालदार पदावरून निवृत्त झालो असून कोरेगाव तालुक्यात राहतो. मुलगा साताऱ्यात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षे तो महाविद्यालयाच्या क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातून, चढउतारावरून लांब पल्ल्याची धाव) संघातून धावला. गेल्या वर्षी त्याची नडगी दुखू लागली. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून मी त्याला पळत राहायला सांगितले. आम्ही सैन्यात पायाला फोड आले तरी पळायचो. तीन आठवड्यांनी हाडाला चीर दिसली आणि त्याचे धावणे थांबले. आता क्रीडा संचालक सरांनी मुलांच्या संघाचा सराव त्याच्याकडे सोपवला आहे. पहाटे चारला उठून तो दुसऱ्यांच्या मुलांना पळवतो. पावसाळाभर त्यांना नुसते सावकाश पळवले. मागच्या महिन्यात एका शर्यतीत पहिल्या तिघांत त्याचा एकही मुलगा नव्हता, तरी संघ जिंकला म्हणून पेढे घेऊन आला. चौथ्या सत्राचा एक विषय राहिला आहे. पतियाळाला जाऊन एनआयएस (खेळाच्या प्रशिक्षकाची पदविका) करीन आणि कॉलेजात कोच होईन, असे म्हणतो. मला त्याला पोलीस भरतीत किंवा सैन्यात पाहायचे आहे. ललिता बाबर स्वतः पळाल्या म्हणून अधिकारी झाल्या. हा दुसऱ्यांना पळवून काय होणार? त्याची वही आणि स्टॉपवॉच मी कपाटात कुलूप लावून ठेवले आहे आणि दिवाळीपर्यंत संघ सोडला नाही तर फी भरणार नाही, असे बजावले आहे. वहीतल्या दोन पानांचे फोटो पाठवतो, म्हणजे वेळ कसा वाया जातो ते आपल्याला कळेल. त्याला समजावणारे पत्र लिहावे.
— एक पालक, जि. सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुलाने संघ सोडावा म्हणून त्याला समजावणारे पत्र आपण मागितले आहे. ते मी लिहिणार नाही. राहिलेला विषय सुटेल आणि भरतीचा विचार पुढेही करता येईल, पण आपल्या पत्रातील कुलूप लावलेल्या कपाटाची मला खरोखर काळजी वाटते. मतदानाचा हक्क असलेला मुलगा ज्या वहीत आठ जणांच्या सरावाची रोजची नोंद ठेवतो, ती ऐन हंगामात काढून घेणे आणि तिची पाने त्याला न विचारता माझ्याकडे पाठवणे, हे त्याला कळेल तेव्हा तो आपल्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलेल का, याचा आपण विचार केलेला दिसत नाही.

तरीही पाने आली आहेत, म्हणून मी ती वाचली, आणि एकदा नव्हे तर अनेकदा वाचली. पहिल्या पानावर डावीकडे आठ मुलांची आद्याक्षरे आहेत आणि प्रत्येकासमोर पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली नाडी, झोपेचे तास आणि आदल्या रात्रीचे जेवण लिहिले आहे. एका मुलाची नाडी चार दिवस ५२, ५४, ५२, ५३ अशी आहे; पाचव्या दिवशी ती ६६ आहे आणि पुढे बारीक अक्षरात नोंद आहे : ‘एमआयडीसीत रात्रपाळी. झोप तीन तास. आज यवतेश्वरचा चढ नाही. चालून घरी.’ त्या दिवशी बाकीच्या सात जणांनी यवतेश्वर घाटात चढाची रिपिटेशन केली, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा पळून काढला. विश्रांतीच्या वेळची नाडी एकाएकी इतकी चढली, तर शरीर आदल्या दिवसाच्या श्रमातून सावरलेले नाही असा त्याचा बहुधा अर्थ होतो, आणि अशा शरीरावर कठीण व्यायाम लादला तर ताकद वाढण्याऐवजी खच्ची होते. हे पुस्तकात वाचलेले पुष्कळ जण असतात. ते आठ मुलांच्या बाबतीत रोज पहाटे तपासून, ज्याला थांबवायचे त्याला थांबवणारा विद्यार्थी माझ्या पाहण्यात फार क्वचित आला आहे.

दुसरे पान निवड चाचणीच्या तीन दिवस आधीचे आहे. संघातील दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाबद्दल त्यावर लिहिले आहे : ‘नडगीवर बोटाने दाबले की एकाच जागी दुखते. पसरून दुखत नाही. पळायचे नाही. आजच हाडाच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे स्वच्छ आला तरी पळायचे नाही.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. नडगीच्या बाजूने लांबवर पसरलेले दुखणे आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेत टोचणारे दुखणे यांत फरक असतो; दुसऱ्या प्रकारात हाडाला सूक्ष्म चीर असण्याची शंका घ्यावी लागते, आणि अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, ती एमआरआयमध्ये दिसते. वेळीच थांबले तर बहुतेकांचे हाड सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. दुखत असताना पळत राहिले तर तीच चीर वाढत जाते. ते वाक्य आपल्या मुलाने कोणत्या अनुभवातून लिहिले, हे मला सांगण्याची गरज नाही.

आपण त्याचे वाईट चिंतले असे मी मुळीच म्हणत नाही. सैन्यात माणूस सहनशक्तीवर उभा असतो आणि तीच शिकवण आपण मुलाला प्रेमाने दिली. परंतु फोड कातडीला येतो आणि चीर हाडाला जाते. फोडाकडे दुर्लक्ष करता येते, चिरेकडे करता येत नाही. आपला मुलगा दुखते म्हणून सांगत होता आणि त्याचे कोणी ऐकले नाही. आज दुसरा एक मुलगा तेच सांगू लागताच त्याने चांगल्या क्रमांकाचा मोह सोडून त्याला बाजूला बसवले. गेल्या वर्षी आपले चुकले, असे आपण त्याला अजून म्हटले नसेल, तर ते आधी म्हणावे. नोकरीविषयीचे कोणतेही बोलणे त्यानंतर सुरू करावे, कारण त्याआधी तो आपला सल्ला ऐकेल आणि गप्प राहील, एवढेच होईल.

पहिल्या तिघांत एकही मुलगा नसताना संघ कसा जिंकला, हे आपल्याला कोडे वाटले आहे. क्रॉस कंट्रीत संघाचा निकाल धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करून लावतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एका संघातून सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. चौघांचे क्रमांक धरणाऱ्या शर्यतीत एका महाविद्यालयाचे धावपटू १, १८, २६ आणि ३५ या क्रमांकांवर आले तर बेरीज ८० होते. दुसऱ्याचे ७, ९, १२ आणि १४ वर आले तर ती ४२ होते. पहिल्या महाविद्यालयाकडे शर्यतीचा विजेता असूनही ते हरते. म्हणून या खेळातील प्रशिक्षकाचे खरे काम चौथ्या मुलापाशी असते : जो रात्रपाळी करून येतो, ज्याला घरून दूध-अंडी मिळत नाहीत, जो सातव्या किलोमीटरला मनाने खचतो, त्याला पहिल्याच्या शक्य तितके जवळ आणणे. पेढे योग्य कारणासाठी आणले होते.

पावसाळाभर सावकाश पळवण्याबद्दलही आपली तक्रार आहे. पुरुषांची शर्यत सर्वसाधारणपणे १० किलोमीटरची असते, आणि तिच्या हंगामाची बांधणी लांब, संथ धावण्यावरच होते. चढाची रिपिटेशन आणि वेगाचे काम त्यानंतर येते आणि शर्यत जवळ आली की एकूण अंतर कमी करतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेल यांनासुद्धा डोंगराळ रस्त्यांवर मॅरेथॉनच्या धावपटूसारखे लांब अंतर पळवले होते. स्नेल यांनी १९६० मध्ये रोमला ८०० मीटरचे आणि १९६४ मध्ये टोकियोला ८०० व १५०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. साताऱ्याच्या मुलांना तसे चढ दारातच मिळाले आहेत. आपल्या मुलाने त्यांचा उपयोग क्रमाने केला आहे, घाईने केलेला नाही.

ललिता बाबर यांचे उदाहरण आपण दिले आहे. माण तालुक्यातील मोही गावची ही धावपटू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावून दहावी आली आणि पुढे महसूल सेवेत अधिकारी झाली, याचा आपल्या सगळ्या जिल्ह्याला अभिमान आहे. परंतु त्या पातळीवर पोचणारे धावपटू एका पिढीत मोजकेच असतात, आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षे पहाटे मैदानावर उभे राहिलेले मार्गदर्शकही असतात. ते काम कमी प्रतीचे आहे असे आपल्या प्रश्नातून ध्वनित होते, आणि त्याच्याशी मी सहमत नाही.

आता मुलाच्या समजुतीतील एक चूक, जी मला या भागातील अनेक खेळाडूंच्या पत्रांत दिसते. एनआयएस केले की महाविद्यालयात कोच होता येते, असे त्याला वाटते. आपल्याकडील महाविद्यालयांत सामान्यतः ‘क्रॉस कंट्रीचा कोच’ असे पद नसते. संघ घडवतात ते शारीरिक शिक्षण संचालक, आणि त्या पदाची पात्रता निराळी आहे. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), मग दोन वर्षांचे एम.पी.एड. (त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी), त्यात किमान ५५ टक्के गुण, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण, असा तो मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार स्पर्धेतील सहभागाचा पुरावा लागतो आणि शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापावे लागते. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एका वर्षाची प्रशिक्षण पदविका उत्तम आहे, पण तिचे दार क्रीडा प्राधिकरण, शासनाचे क्रीडा खाते, अकादमी आणि निवासी क्रीडा शाळा यांच्या बाजूला उघडते. त्याला महाविद्यालयाची मुले घडवायची असतील तर आधी एम.पी.एड.; पदविका त्यानंतर घेता येईल. केवळ पदविकेवर विसंबून महाविद्यालयांचे उंबरठे झिजवणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांना हे कोणी वेळीच सांगितले नव्हते याचे मला वाईट वाटते. हा मार्ग सोपा आहे असेही मी म्हणत नाही. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे भरण्याची गती मंद आहे आणि पात्र उमेदवारांनाही काही वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. ही वस्तुस्थिती मुलाने आजच जाणून घेतली पाहिजे.

पोलीस भरतीबद्दल एवढेच : खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा २८ वर्षे आहे आणि मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला आहेत, तेव्हा हाड पूर्ण भरून येण्याआधी तिकडे ढकलण्याची घाई नसावी. सैन्यात जाण्याची त्याची स्वतःची इच्छा आहे का, हे आपल्या पत्रातून कळत नाही. फी न भरण्याची धमकी मात्र आपल्याच इच्छेच्या आड येते, कारण पदवी अपुरी राहिली तर बी.पी.एड. जाते आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पोलीस उपनिरीक्षकाची परीक्षाही जाते.

मुलालाही चार शब्द सुनावणे आवश्यक आहे. आठ जणांच्या झोपेची नोंद ठेवणाऱ्याने स्वतःचा राहिलेला विषय वाऱ्यावर सोडणे मला पटत नाही. बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी पदवीला सर्वसाधारणपणे ५० टक्के लागतात, आणि राहिलेल्या विषयासह तो तेथवर पोचतो की नाही, याचा हिशेब त्याने मांडलेला दिसत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेनंतर संघातील एखाद-दुसरा मुलगा विद्यापीठाच्या संघात निवडला जाईल आणि त्याच सुमारास सत्र परीक्षेचा अभ्यास येईल. त्या काळात सायंकाळचा सराव त्याने संघनायकाकडे सोपवावा आणि पहाटेचाच स्वतःकडे ठेवावा. शिवाय, आपल्या थांबलेल्या धावण्याचे दुःख विसरण्यासाठी तो या कामात बुडाला आहे की हे काम त्याला मनापासून हवे आहे, हे त्याने स्वतःला विचारावे. वहीवरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, परंतु उत्तर त्याचे त्यालाच द्यावे लागेल.

आपण आजच वही आणि स्टॉपवॉच त्याच्या हातात द्यावे. त्यात आठ घरांतील मुलांच्या दुखापतींची नोंद आहे आणि त्यांचा हंगाम अजून संपलेला नाही. क्रीडा संचालक सरांना जाऊन भेटावे, पण मुलाला सोबत घेऊन. जमल्यास एका पहाटे यवतेश्वरच्या पायथ्याशी उभे राहून पूर्ण सराव पाहावा. शिस्त कशाला म्हणतात हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळते, आणि तेथे ती आहे की नाही हे आपण स्वतः ठरवू शकाल.

यानंतरचे पत्र मुलाने लिहावे. त्यासोबत आतापर्यंतच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, स्वतःच्या स्पर्धा-सहभागाची प्रमाणपत्रे आणि पायाच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल यांच्या प्रती जोडाव्यात, म्हणजे बी.पी.एड.च्या प्रवेश परीक्षेची आणि तिच्या मैदानी चाचणीची तयारी कधी सुरू करायची, ते मला त्याला नेमके सांगता येईल.