वरातीची घोडी सजवताना

तुम्ही पहिल्यांदाच वरातीसाठी घोडी सजवणार आहात, म्हणून रंगाच्या डबीआधी खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासायचा ब्रश, हातात घ्यावा, असे सुचवतो. केसांत धूळ राहिली की रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि खोगिराच्या तंगाखाली, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखाली, तीच धूळ कातडी सोलते.

पांढऱ्या घोडीच्या पायांवर आणि शेपटीवर मेंदीच सर्वांत शोभते, मात्र ती निव्वळ पाल्याची असावी. झटपट चढणाऱ्या काळ्या मेंदीत बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते. एकदा आदल्या रात्री घाईने मी तसली मेंदी लावली आणि सकाळी घोडीच्या गुडघ्याखाली सुपारीएवढ्या गांधी उठलेल्या पाहिल्या. वरात अर्थातच दुसऱ्या घोडीवर निघाली. तेव्हापासून कोणताही नवा रंग मी आदल्या दिवशी मानेवर रुपयाएवढा लावून पाहतो. रंग पाण्याने धुतला जाणाराच घ्यावा. डोळे, नाकपुड्या आणि ओठ यांच्या आसपास तो नको. घोड्याला अंगभर घाम येतो, त्यामुळे पोटावर आणि कुशीवर जाड थर देऊ नये.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत गेलात, तर रंगापेक्षा साज न्याहाळा. कपाळावरचा गोंडा डोळ्यांवर येता कामा नये आणि झुलीची झालर पायांत अडकता कामा नये. घुंगरांचा आवाज घोडीच्या कानांना दोन-तीन दिवस आधीच सवयीचा करावा, कारण बँड आणि फटाके यांची भर त्यात पडणारच असते. वरात उतरली की त्याच रात्री, जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी, कोमट पाण्याने सगळे धुऊन काढावे.