धोरण, रणनीती आणि महासंघाचा कारभार

म्हापशाच्या एका फुटबॉल क्लबाचे सचिव विचारतात की, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘व्हिजन २०४७’ या आराखड्याचा गोषवारा क्लबाच्या आमसभेपुढे मराठीतून ठेवायचा झाल्यास त्यातल्या ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ला रणनीती म्हणावे, व्यूहरचना म्हणावे की धोरण, आणि ‘गव्हर्नन्स’साठी प्रशासन हा शब्द चालेल का?

रणनीती मुळीच म्हणू नये. हिंदी वृत्तवाहिन्यांच्या वाटेने आपल्या क्रीडापानांवर आलेला हा शब्द संघाचा सराव, खेळाडूंचा लिलाव, पदाधिकाऱ्यांची बैठक अशा दिसेल त्या गोष्टीला चिकटवला जातो. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला हा आराखडा स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंतचा आहे आणि त्याचे चार-चार वर्षांचे टप्पे पाडलेले आहेत. इतकी वर्षे रण माजवायचे ते कोणाशी? व्यूहरचनेचेही तेच. महाभारतात सकाळी रचलेला व्यूह सूर्यास्ताबरोबर मोडतो, त्यामुळे व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांनी त्याला दीर्घ मुदतीच्या कामाला जुंपलेले मला कधीच पटलेले नाही. सामन्याच्या दिवशी प्रशिक्षक जे करतो, त्यालाही आखाड्यातून आलेला ‘डावपेच’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे.

धोरण या शब्दाकडे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. अमरकोशात वाहनाचे पर्याय देताना ‘सर्वं स्याद्वाहनं यानं युग्यं पत्रं च धोरणम्’ असे म्हटले आहे, आणि त्याच वर्गात घोड्याच्या ज्या पाच चाली सांगितल्या आहेत, त्यांत ‘धौरितक’ म्हणजे दुडकी चाल आहे. या दोहोंच्या मुळाशी असलेल्या ‘धोर्’ या धातूचा अर्थ धातुपाठाने, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीने, दोनच पदांत दिला आहे: ‘गतिचातुर्ये’. नुसते धावणे नव्हे, तर गतीतले चातुर्य! चौखूर उधळलेला घोडा लवकर दमतो, दुडकीने चालणारा लांबचा पल्ला गाठतो. ‘त्यांच्या बोलण्याचे धोरण लक्षात आले नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा बोलणे कोणत्या दिशेने आणि कोणत्या चालीने निघाले आहे, हेच आपल्याला अभिप्रेत असते. घोड्याच्या चालीपासून बोलण्याच्या रोखापर्यंत आणि तेथून राज्यकारभारातल्या धोरणापर्यंत हा शब्द याच वाटेने आला, असे माझे ठाम मत आहे. संस्कृतात ‘धोरणी’ म्हणजे अखंड ओळ. मराठीत धोरणी माणूस म्हणजे पुढचे पाहणारा. हे दोन्ही अर्थ जवळ ठेवून पाहावेत.

‘स्ट्रॅटेजी’चे मूळ ग्रीक भाषेतल्या सेनापतीवाचक शब्दात आहे, म्हणून रणनीतीच योग्य, असे काही विद्वान बजावतात. त्यांचाच न्याय लावायचा तर ‘गव्हर्नन्स’चे मूळ गलबताचे सुकाणू धरण्याच्या ग्रीक क्रियापदात असल्याने महासंघाच्या अध्यक्षांना तांडेल म्हणावे लागेल. ‘धोरणातही शेवटी रण आहेच’ हा युक्तिवादही मी ऐकला आहे. मग मरणात, वरणात आणि तोरणातही ते आहे.

वस्तुतः धोरण म्हणजे काय, हे गोमंतकीयांना कोशात पाहावे लागू नये. २०१६ मध्ये महासंघाने लीगच्या नव्या रचनेचा प्रस्ताव मांडला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो या आपल्या क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्यांचा आक्षेप एखाद्या सामन्यावर वा निकालावर नव्हता. भारतीय फुटबॉल कोणत्या दिशेने न्यायचे, यावर होता. अशा वादाला धोरणाचा वाद म्हणतात.

प्रशासनाविषयी थोडक्यात सांगतो. कचेरी, नोंदी, पत्रव्यवहार यांपुरता तो शब्द ठीक आहे. परंतु निवडून आलेली पालिका बरखास्त झाली की तेथे ‘प्रशासक’ बसतो, हे ध्यानात घ्यावे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघावर प्रशासकांची समिती नेमली, ऑगस्टमध्ये फिफाने तिसऱ्या पक्षाच्या अवाजवी हस्तक्षेपाचे कारण देऊन महासंघाला निलंबित केले आणि त्या समितीचे अधिकार संपुष्टात आल्यावरच निलंबन उठले. प्रशासन आले म्हणून गव्हर्नन्स बिघडल्याचा ठपका बसला, असा हा प्रसंग असताना दोन्हींना एकच शब्द वापरणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण आहे. कार्यकारिणीत पंधराहून अधिक सदस्य नसावेत, त्यांत नामवंत खेळाडू असावेत, तंटे न्यायाधिकरणापुढे जावेत, अशा २०२५ च्या क्रीडा संघटनांविषयीच्या राष्ट्रीय कायद्यातल्या तरतुदी ज्याविषयी आहेत, त्याला मराठीत ‘कारभार’ म्हणतात. वर्तमानपत्रांनी ‘भोंगळ’ हे विशेषण त्याला कायमचे जोडून दिल्यामुळे तो शब्द काहींना हलका वाटतो, एवढेच.

तेव्हा गोषवाऱ्यात ‘महासंघाचे २०४७ पर्यंतचे धोरण’ आणि ‘महासंघाचा कारभार’ असे लिहावे. चार वर्षांच्या टप्प्याला ‘योजना’ म्हणावे. ‘धोरणात्मक’ हे शेपूट त्या योजनेला जोडण्याची गरज नाही.