लॅपटॉप चौथ्यांदा बिघडला, दुकानदार म्हणतो ‘कंपनीशी बोला’. पैसे परत मागता येतात का?

मागता येतात, आणि दुकानदाराकडेच मागायचे. तुम्ही लिहिलंय की बेळगावातल्या दुकानातून घेतलेला लॅपटॉप सात महिन्यांत चार वेळा सर्विस सेंटरला गेला आणि दुकानदार "आम्ही फक्त विकतो" म्हणून हात झटकतो. पैसे मोजून घेतले कुणी? बिलावर शिक्का कुणाचा आहे? हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, म्हणून कामं बाजूला ठेवून लिहायला बसले.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीची, माहेर महाराष्ट्रातल्या कागलचं. घरी डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका वगैरे. जून २०२२ मध्ये कोल्हापुरातून ५२,५०० रुपयांचा लॅपटॉप घेतला. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे आमच्याकडची मोठी खरेदी कोल्हापुरातच होते. सप्टेंबरात स्क्रीनवर उभ्या रेषा आल्या, स्क्रीन बदलून दिली. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची गर्दी सुरू झाली, आणि तो काम करता करता आपोआप बंद पडायला लागला. मदरबोर्ड बदलला, त्यात अठरा दिवस गेले. जानेवारीत पुन्हा तेच. दरवेळी पिशवीत लॅपटॉप घालून बसनं राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडायचा, आणि सर्विस सेंटरवाला दहा मिनिटं चालवून म्हणणार, "इथं तर चालतोय की!" त्या हंगामात माझी चार गिऱ्हाइकं तुटली. त्यातलं एक अजून परत आलेलं नाही.

तिसऱ्या वेळी मी दुकानात जाऊन सांगितलं, दुरुस्ती नको, पैसे द्या. मालकानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ तसली पाटी तुमच्या दुकानात असली तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच धरलेली आहे. माझे तीस दिवस कधीच उलटले होते, पण म्हणून हक्क संपत नाही. सदोष वस्तूबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निकाल देणारं कोर्ट, दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो.

आता खरी गोष्ट. माझे धाकटे दीर चिकोडीत एका वकिलांकडे कारकून आहेत. घरात सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, कशाला नादाला लागताय? कोल्हापूरचं बिल हाय. केस करायची तर कोल्हापुरातच. बेळगावात तुम्हाला दारात उभं करणार नाहीत." यांनीही मान डोलावली. जाऊबाई म्हणाल्या, निम्म्या किमतीत विकून टाका. एकटे सासरे म्हणाले, "कर गं तू." १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीत हमरस्त्यावर बसले होते, त्यात ते होते. लॅपटॉप त्यांना कळत नव्हता, पण पैसे देऊन खराब माल घरात ठेवायचा नाही एवढं त्यांना पटत होतं.

भावजींचं म्हणणं एके काळी बरोबर होतं. १९८६ च्या कायद्यात समोरची पार्टी जिथं धंदा करते किंवा जिथं तक्रारीचं कारण घडलं, तिथंच जावं लागायचं. पण नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ मध्ये आणखी एक सोय आली: तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं. म्हणजे माल कोल्हापूरचा, कंपनीचं ऑफिस कुठलंही, आणि मी निपाणीची म्हणून तक्रार बेळगावच्या आयोगात. सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना यापेक्षा मोठी सोय कुठल्या कायद्यानं दिली असेल असं मला वाटत नाही, आणि इथं कुणाला ती माहीतच नाही.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीनं ‘वॉरंटीप्रमाणे दुरुस्ती करून दिली आहे’ असं उत्तर दिलं आणि विषय बंद केला. मग दुकान आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टनं नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, आणि एप्रिल २०२३ मध्ये तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावला नाही. कन्नड मला वाचता येत नाही, अर्ज भाचीकडून इंग्रजीत टाइप करून घेतला. आयोगातल्या बाईंनी कुठं सही, कुठं शपथपत्र ते अर्ध्या कन्नड, अर्ध्या मराठीत नीट समजावून सांगितलं.

दुकानाच्या वकिलांनी मुद्दा काढला की बाई धंद्यासाठी वापरतात, ग्राहकच नाहीत. धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला कायदा ग्राहक धरत नाही हे खरं, पण स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून चालवलेलं काम त्या अपवादात बसत नाही, कायद्यात तसं स्पष्टीकरण आहे. जून २०२४ मध्ये निकाल लागला: दुकान आणि कंपनी, दोघांनी मिळून पूर्ण किंमत आणि वर खर्चाचे तीन हजार द्यायचे. अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यांनी केलं नाही.

मला जिंकून दिलं ते जॉबशीटांनी, म्हणजे दुरुस्तीला देताना सर्विस सेंटर बिघाड लिहून देतं त्या कागदांनी. तिन्ही वेळच्या, तारखेसकट, आणि शेवटच्या दोन्हींवर ‘आपोआप बंद पडतो’ असं लिहून घेतलेलं. तुम्ही चार वेळा दिलात त्याच्या आहेत का? नसतील तर सर्विस सेंटरकडून ईमेलवर मागवा, आणि पाचव्यांदा कोऱ्या जॉबशीटवर सही करू नका.

एक सांगायचं राहिलं. इतक्या वेळा बिघडला की पैसे परत, असा आकडा कायद्यात कुठंही नाही. आयोग बदलून देण्यावरही थांबू शकतो, तपासणीसाठी प्रयोगशाळेकडेही पाठवू शकतो. पाणी सांडलं असेल, पडला असेल तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असली तर पाचांत, असं कायदा म्हणतो. मला चौदा लागले. बिल जीएसटी नंबरावर, फर्मच्या नावानं घेतलं असेल तर तो धंद्याचा मुद्दा तुम्हाला जड जाईल. मी तेव्हा तक्रार ई-दाखिल या सरकारी संकेतस्थळावर केली होती, जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती आहे.

निकालाची प्रत मी भावजींना पाठवली, कलम ३४ खाली रेघ मारून. त्यांनी ती वाचली, पण अजून काही बोललेले नाहीत. आणि हो, तक्रारीत दुकानाचं नाव बिलावर आहे तेच लिहा, बोर्डावरचं नाही. माझ्या वेळी दोन्ही वेगळी होती आणि पहिली नोटीस परत आली होती.