प्रकाश वाटेत थकत नसेल कशावरून?

तुमचे प्रश्न दोन आहेत. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो तो विश्व प्रसरण पावतंय म्हणूनच कशावरून, वाटेत तो थकतही असेल. आणि पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशात सगळीकडून येणारं मंद सूक्ष्मतरंगी प्रारण, ही ताऱ्यांचीच विरलेली ऊब का नसावी? दोन्ही शंका रास्त आहेत, पण त्यांची गल्लत करू नका.

थकलेल्या प्रकाशाची कल्पना खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकींनी 1929 मध्येच मांडली होती. ती सुपरनोव्हांपाशी, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांपाशी, अडली. जवळचा सुपरनोव्हा मावळायला महिना घेत असेल, तर ज्याच्या लहरी ताणून दुप्पट झाल्यात त्या दूरच्या जातभाईला दोन महिने लागतात. प्रकाश नुसता थकला असता तर रंग बदलला असता. घड्याळ कशाला मंदावलं असतं? शिवाय पूर्वीचं विश्व खरोखर जास्त ऊबदार होतं. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एका क्वेसारच्या (अतिदूरच्या, अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या) प्रकाशाच्या वाटेतल्या वायुढगातले कार्बन मोनॉक्साइडचे रेणू तपासले. त्यावरून तिथल्या पार्श्वप्रारणाचं तापमान निघालं सुमारे 9.15 केल्विन. प्रसरणाच्या गणिताने 9.3 हवं होतं. आज ते 2.7 आहे.

दुसऱ्या शंकेपाशी मी स्वतः बराच काळ रेंगाळलो, कारण ती जयंत नारळीकरांची होती. ही शंका घेताना प्रसरण त्यांनी नाकारलं नाही. महास्फोट, म्हणजे विश्वाची तप्त, दाट सुरुवात, नाकारला. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर 1993 मध्ये त्यांनी पर्याय मांडला. सुपरनोव्हातून उडालेल्या धातूच्या वाफेचे, मिलिमीटरभर लांब, सुईसारखे लोखंडी कण होतात. ते ताऱ्यांचा प्रकाश शोषून सूक्ष्मतरंगांत परत सोडतात. विश्वातलं हेलियम ताऱ्यांतच बनलं असं धरलं, तर निघणाऱ्या ऊर्जेवरून तापमान 2.7 केल्विनच्या आसपासच येतं! हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी हरखून गेलो होतो.

तरीही मी आज महास्फोटाच्या बाजूला आहे. कोबे उपग्रहाने काढलेला पार्श्वप्रारणाच्या वर्णपटाचा वक्र पाहा. एकाच तापमानाच्या आदर्श वक्राशी तो इतका जुळतो की मोजमापातली चूक रेघेच्या जाडीत लपते. जागोजागच्या धुळीकडून इतकी एकसारखी ऊब मिळणं मला अवघड वाटतं. आणि त्या प्रारणातले किंचित उष्ण-थंड ठिपके साधारण 1 अंशाचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट, ठळक दिसतात. तप्त विश्वातल्या ध्वनिलहरींचा असा ठसा असायला हवा, हे 1970 मध्येच कागदावर मांडलं गेलं होतं, तो दिसण्याच्या कितीतरी आधी. लोखंडी सुयांना असं काही आधी सांगता आलं नाही.

शंका घ्यायला जागा आहे ती प्रसरणाच्या वेगात. पार्श्वप्रारणावरून हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाच्या वेगाचं माप, 67 (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) येतो, सुपरनोव्हांवरून 73. दोन्हीकडच्या त्रुटी धरूनही हे अंतर मिटत नाही.