विहिरीतला दगड हलका का लागतो?

प्रश्न: ६ किलोचा, २ लिटर घनफळाचा काळा दगड ताणकाट्याला बांधून विहिरीत पूर्ण बुडवला, तर काटा किती दाखवील? खोल सोडल्यास उत्प्लावक बल (पाण्याचा वर ढकलणारा जोर) वाढेल ना? – एक वाचक, जि. बीड

उत्तर: गुरुत्व त्वरण १० धरल्यास दगडाचे वजन ६० न्यूटन भरते, तो २ लिटर, म्हणजे २ किलो पाणी बाजूला सारतो, ज्याचे वजन २० न्यूटन असते; उत्प्लावक बल या वजनाइतकेच असल्याने काटा ६० वजा २०, म्हणजे ४० न्यूटन दाखवील. विद्यार्थी हमखास चुकतात ते खोलीबाबत: खाली दाब वाढतो हे खरे, परंतु तो दगडाच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवर सारखाच वाढतो, आणि उत्प्लावक बल त्या दोहोंतील फरकातून येत असल्यामुळे ते बदलत नाही. पोहरा शेंदताना तो पाण्यात असेपर्यंत हलका लागतो आणि बाहेर येताच दोर हाताला काचतो, त्याचेही कारण हेच उत्प्लावक बल आहे.